पडद्यावर लख्ख, निगेटिव्हवर धूसर : जुन्या टीएलआरचा न जुळणारा फोकस

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते. "वरून बघताना अगदी शार्प दिसत होतं, रोल धुऊन आला तर सगळं सॉफ्ट." कॅमेरा टीएलआर, म्हणजे ट्विन-लेन्स रिफ्लेक्स : एकावर एक दोन लेन्स, आणि वरून काचेच्या पडद्यात बघून फोटो काढायचा. तो कधी याशिका-मॅट १२४जी असतो, कधी याशिका डी, कधी रोलायकॉर्ड, क्वचित सीगल. दुरुस्ती हा काही माझा धंदा नाही. पण मित्रांचे आणि त्यांच्या मित्रांचे कॅमेरे हातात येत राहतात, आणि हा एक दोष इतक्यांदा निस्तरलाय की तपासायचा क्रम आता ठरून गेला आहे. तो इथे मांडतो. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसा लागत नाही आणि स्क्रूड्रायव्हरही लागत नाही. निम्म्याहून जास्त कॅमेरे तिथेच सुटतात.

लक्षणं

धुतलेल्या रोलवर यातलं काय दिसतंय ते आधी ठरवा. पुढची वाट त्यावरच ठरते.

- फोकस चेहऱ्यावर केला होता, पण चेहरा मऊ आणि मागची भिंत (किंवा पुढचं टेबल) धारदार.
- बारीक छिद्रावर (एफ ८, एफ ११) फोटो छान, मोठ्या छिद्रावर (एफ ३.५) आणि जवळून काढलेले मात्र बिघडलेले.
- दूरची इमारत पडद्यावर स्पष्टच होत नाही, फोकसचा नॉब अनंताच्या (∞) खुणेला टेकला तरी. किंवा खुणेच्या अलीकडेच स्पष्ट होते आणि पुढे फिरवलं की पुन्हा बिघडते.
- प्रत्येक फ्रेमची तीच एक बाजू धूसर.
- मधला भाग बरा, कडा फराटल्यासारख्या.
- एखाद-दुसऱ्याच फ्रेममध्ये आडवा धूसर पट्टा, बाकी रोल ठीक.
- खिडकी, दिवे, पांढरे कपडे यांच्याभोवती धुकट वलय.
- पूर्ण फ्रेममध्ये कुठेच काही धारदार नाही.

पहिली तीन लक्षणं म्हणजे खरा "फोकस जुळत नाही" हा दोष. चौथ्या-पाचव्यात लेन्स किंवा तिची पाटी संशयित. शेवटच्या तिन्हींत फोकसचा बहुधा काहीच संबंध नसतो, तरी लोक हूड (पडद्यावरचं झाकण) उघडून बसतात.

हा दोष टीएलआरलाच का छळतो

एसएलआरमध्ये, म्हणजे एका लेन्सच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात, आपण ज्या लेन्समधून बघतो तिच्यातूनच फोटो निघतो. टीएलआरमध्ये वाटा दोन. वरच्या लेन्समधून आलेला उजेड ४५ अंशांतल्या आरशावर आपटून वरच्या काचेच्या पडद्यावर जातो, खालच्या लेन्समधून आलेला सरळ फिल्मवर. दोन्ही लेन्स एकाच पाटीवर बसवलेल्या असतात आणि नॉब फिरवला की ती पाटी पुढेमागे होते. वरची लेन्स ते पडदा आणि खालची लेन्स ते फिल्म ही दोन अंतरं तंतोतंत जुळलेली आहेत, एवढ्या एका भरवशावर सगळं चालतं. कारखान्यात ती जुळवून दिलेली असतात.

ती आपणहून सहसा बिघडत नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पहिला रोलायफ्लेक्स जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगहून १९२९ साली बाहेर पडला, याशिका-मॅट १९५७ मध्ये आला, आणि १२४जी हे शेवटचं मॉडेल १९८६ पर्यंत बनत होतं. म्हणजे तुमच्या हातातला याशिका कितीही तरुण असला तरी चाळिशीच्या घरातला. एवढ्या काळात कोणीतरी तो उघडून आरसा पुसलेला असतो, पडदा काढून परत बसवलेला असतो, बुरशी काढायला लेन्स सोडवलेली असते. दोष तिथे शिरतो. म्हणून माझा पहिला प्रश्न "किती जुना आहे" हा नसतोच; "आधी कोणी उघडलाय का" हा असतो. हूडच्या स्क्रूंची डोकी झिजलेली किंवा चकाकणारी दिसली की उत्तर मिळतं.

आपल्याकडे मिळणारे बरेच टीएलआर फोटो स्टुडिओंतून निघालेले असतात. तिथे फ्लॅश लावून एफ ८ किंवा एफ ११ वर काम चालायचं. त्या छिद्रावर थोडी चूक झाकली जाते. त्यामुळे आधीचा मालक "वीस वर्षं वापरला, कधी तक्रार नाही" असं म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तुम्ही एफ ३.५ वर खिडकीच्या उजेडात पोर्ट्रेट काढायला जाता आणि तेव्हा ती चूक उघडी पडते.

आधी निगेटिव्ह बघा, स्कॅन नव्हे

कॅमेऱ्याला दोष देण्याआधी निगेटिव्ह उजेडाच्या पाटीवर ठेवा. पाटी नसेल तर मोबाइलवर पांढरा स्क्रीन लावा, वर एक स्वच्छ काच किंवा प्लास्टिक ठेवा आणि भिंगाने बघा. भिंग नसलं तर ५० मि.मी.ची कुठलीही लेन्स उलटी धरली की काम होतं. निगेटिव्हवर पापण्या सुटसुटीत दिसत असतील आणि स्कॅनमध्ये नसतील, तर दोष स्कॅनरच्या होल्डरमध्ये वाकलेल्या फिल्मचा. या कॅमेऱ्यांत लागणारी १२० ची फिल्म रुंद असते, आपल्या हवेत ती पन्हाळीसारखी वळते आणि फ्लॅटबेड स्कॅनरवर मधला भाग फोकसबाहेर जातो.

स्कॅनवरून अंदाज घ्यायचाच असेल तर फिल्मचे कण बघा. कण टोकदार आणि चित्र मऊ असेल तर कॅमेरा. कणही मऊ असतील तर स्कॅनर.

लेन्सवर काय चढवलंय?

हे हास्यास्पद वाटेल, पण जुन्या कॅमेऱ्यासोबत आलेला "फिल्टर" हा पुष्कळदा फिल्टर नसतोच. रोलायनार किंवा तत्सम क्लोज-अप संच दोन भागांत येतो : एक पातळ भिंग खालच्या लेन्सला, एक जाड भिंग वरच्या लेन्सला. त्यातला एक हरवतो आणि उरलेला कोणीतरी "लेन्सच्या रक्षणाला" म्हणून खालच्या लेन्सवर चढवून ठेवतो. मग वर सगळं ठीक आणि फिल्मवर काहीही दूरचं जुळत नाही. दोन्ही लेन्स उघड्या करून एकदा बघा.

उघड्या केल्यावर त्यांच्या कड्यांवरचे आकडे वाचा. १२४जी मध्ये दोन्हीवर ८० मि.मी. हवं; वरची एफ २.८, खालची एफ ३.५. एफचा आकडा वेगळा असणं बरोबरच आहे. वरची लेन्स जास्त उघडी असली की पडदा उजळ दिसतो आणि फोकसची चूक लवकर कळते. पण एकीवर ७५ आणि दुसरीवर ८० असेल, तर कोणीतरी दुसऱ्या कॅमेऱ्याची लेन्स लावली आहे. मग पुढचं काही वाचू नका, असा कॅमेरा परत करा. अपवाद लुबिटेलसारख्या साध्या टीएलआरचा, तिथली रचनाच वेगळी.

आता दोन्ही लेन्सच्या पुढच्या कड्या बोटांनी हलकेच घड्याळाच्या दिशेने फिरवून बघा. फिरायला नको. खालची फिरली तर ती पूर्ण बसलेली नव्हती. बोटांच्या जोराने टेकेपर्यंत बसवा आणि नवा रोल काढून बघा. वरची फिरली तर तिचा अडकवणीचा स्क्रू सैल झालाय, आणि दोष बहुधा तुम्हाला सापडला आहे. तिला मात्र आत्ता कुठेही फिरवून ठेवू नका, तिचं नंतर येतंच आहे.

हात, फिल्म आणि मागची पट्टी

कुठेच काही धारदार नाही, असं असेल तर आधी हात हललाय असं धरा. टीएलआरमध्ये आरसा उडत नाही, त्यामुळे १/३० सेकंदावर हातात धरून काढता येतं अशी ख्याती आहे. ती खरीही आहे, पण गळ्यातला पट्टा ताणून कॅमेरा पोटाशी धरला असेल तर. ट्रायपॉड, केबल रिलीज (शटर दाबायची लवचीक तार), १/१२५ आणि एफ ५.६ असे तीन-चार फोटो काढा. ते चांगले आले तर विषय संपला.

आडवा धूसर पट्टा एकाच फ्रेममध्ये असेल तर तो फिल्मचा बाक आहे. रोलायफ्लेक्स आणि याशिकामध्ये भरलेला रोल खाली असतो आणि फिल्म एका रुळावरून काटकोनात वळून वर जाते. कॅमेरा आठवडाभर तसाच पडला की त्या वळणावर फिल्मला मोड येते, पुढे गुंडाळल्यावर ती मोड फ्रेममध्ये येते आणि तेवढी जागा सपाट बसत नाही. उपाय फुकटचा : सुरू केलेला रोल कॅमेऱ्यात दिवसेंदिवस पडू देऊ नका, लवकर संपवा. मिनोल्टा ऑटोकॉर्डमध्ये फिल्म वरून खाली येते, फ्रेमपर्यंत सरळ. त्यामुळे तिथे हा त्रास होत नाही. (ऑटोकॉर्डचा स्वतःचा त्रास फोकसच्या दांडीचा. आतलं ग्रीस कडक झालं आणि दांडी जोराने ढकलली की ती मोडते. जड लागली तर हात काढून घ्या.)

मागचं झाकण उघडलंय तर त्यावरची दाबपट्टीही बघा. १२४ आणि १२४जी मध्ये ही पट्टी दोन जागी बसते, एक १२० फिल्मसाठी आणि एक २२० साठी. २२० ला मागे कागद नसतो, त्यामुळे दोन्हींची जाडी वेगळी. पट्टी आत दाबून सरकवली की जागा बदलते आणि तेवढ्याने फिल्म कशी टेकते तेही बदलतं. १२० वापरताना खूण १२ वर हवी, २४ वर नको. रोलायफ्लेक्सच्या काही मॉडेल्सवर हीच गंमत ६×६ आणि २४×३६ अशा खुणांची असते, कारण त्यात ३५ मि.मी.ची फिल्म वापरायचा जोड मिळायचा. पट्टीखालच्या स्प्रिंगा चारही कोपऱ्यांत सारख्या दाबल्या जातात का, तेही बोटाने बघून घ्या.

टॉर्च

झाकण उघडंच ठेवा. शटर चढवा, वेग बी वर (दाबून ठेवलं तोवर शटर उघडं राहतं ती खूण), छिद्र पूर्ण उघडं, आणि केबल रिलीजने शटर धरून ठेवा. मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारून पुढून बघा.

पातळ दुधी थर दिसला तर ते धुकं : वलयाचं कारण हे, फोकसचं नव्हे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. मुंबई-कोकणात चामड्याच्या केसमध्ये पावसाळे काढलेल्या कॅमेऱ्यात ती हमखास निघते. थोड्या बुरशीने फोटो धूसर होत नाही, फक्त उठाव कमी होतो. काठाशी इंद्रधनुषी डाग किंवा बुडबुडा असेल तर दोन काचा जोडणारा डिंक सुटलाय. तो घरी दुरुस्त होत नाही.

कडा फराटलेल्या असतील तर टॉर्चने काही दिसणार नाही, पण संशय एकच धरा. याशिकाच्या याशिनॉनसारखी टेसर धाटणीची लेन्स चार काचांची असते. त्यातल्या पुढच्या दोन सुट्या आणि मागच्या दोन चिकटवलेल्या. पुसताना एखादी काच उलटी बसवली गेली की मध्यभाग कसाबसा तग धरतो आणि कडा कोसळतात.

निर्णायक चाचणी : फिल्मच्या जागी काच

इथवर काही सापडलं नसेल तर आता ठरवायचं की चुकतंय कोण, वरची वाट की खालची. हे ठरवल्याशिवाय एकही स्क्रू सोडवू नये. चुकीच्या बाजूला हात घातला की एका दोषाचे दोन होतात, आणि मग कशाशी काय जुळवायचं हेच कळेनासं होतं.

काच विकणाऱ्याकडून पातळ काचेचा तुकडा कापून घ्या. रुंदी फिल्मइतकीच, साधारण ६१ मि.मी., आणि लांबी फ्रेमपेक्षा जास्त. कडा घासून घ्या. एका बाजूला दुधी चिकटपट्टी (लिहिता येणारी, मळकट पांढरी मिळते ती) सुरकुती न पाडता लावा. घासलेली काच मिळाली तर उत्तमच.

रुंदीचा आग्रह का, ते सांगतो. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना रुळांच्या दोन जोड्या असतात. आतल्या जोडीवर फिल्म टेकते, बाहेरची जोडी किंचित उंच आणि तिच्यावर दाबपट्टी टेकते. तुमची काच रुंद असेल तर ती बाहेरच्या रुळांवर बसते आणि चाचणीच खोटी ठरते. फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा. पण ६×६ सें.मी.च्या फ्रेमवर ०.०५ मि.मी.पर्यंत पसरलेला ठिपका डोळ्याला चालतो असं धरलं, तर एफ ३.५ ला फोकसची मुभा मागेपुढे जेमतेम ०.१८ मि.मी. असते. एफ ८ ला ती ०.४ होते. स्टुडिओवाल्याला तक्रार का नव्हती, ते या दोन आकड्यांत आहे.

चिकटपट्टीची बाजू लेन्सकडे करून काच आतल्या रुळांवर ठेवा, रबरबँडने धरा. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर बी वर उघडं, छिद्र एफ ३.५. आता अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडचं काहीतरी निवडा. मोबाइलचा टॉवर चालतो, रात्रीचे दूरचे दिवे सगळ्यात चांगले. ८० मि.मी.च्या लेन्सला एवढं अंतर म्हणजे अनंतच. डोक्यावर काळं कापड घ्या आणि भिंगाने बघा. वरच्या पडद्यासाठी हूडमधलं भिंग उघडा. पडद्यावर आखलेल्या रेघा आधी स्वच्छ दिसायला हव्यात. त्या दिसत नसतील तर चष्मा चढवा, कारण रेघा न दिसणाऱ्याचा फोकस कधीच खरा नसतो.

नॉब अनंताच्या खुणेवर नेऊन टेकवा. आता चार शक्यता आहेत.

खाली लख्ख, वर धूसर : खालची बाजू निर्दोष. पडदा, आरसा किंवा वरची लेन्स यांपैकी काहीतरी. हाच प्रकार सगळ्यात जास्त दिसतो आणि घरी सुटण्यासारखाही हाच.

वर लख्ख, खाली धूसर : खालची लेन्स नीट बसलेली नाही, किंवा तिच्या काचांची गडबड.

दोन्ही सारखेच धूसर, पण नॉब थोडा मागे आणला की दोन्ही एकदम लख्ख : नॉबवरची पट्टी सरकली आहे. फोटोंना यामुळे काही होत नाही. सोडून द्या.

खालच्या काचेवर एक बाजू लख्ख आणि दुसरी धूसर : लेन्सची पाटी वाकडी. कॅमेरा पडलेला आहे. एकाच फोकसवर पाटी आणि बॉडी यांतलं अंतर चारही कोपऱ्यांत व्हर्नियरने मोजा, फरक दिसेल. इथे थांबा.

अनंतावर जुळलं तर जवळचंही बघून घ्या. जमिनीवर मोजपट्टी कॅमेऱ्याच्या दिशेने लांब पसरा, दीड मीटरवर फोकस करा, आणि खालच्या काचेवर पट्टीचा कोणता आकडा सगळ्यात स्पष्ट आहे ते वाचा.

विकत घेताना हाच तुकडा खिशात असू द्या. चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात विक्रेता शटरचा आवाज ऐकवतो, पुढची काच शर्टाला पुसून चमकवून दाखवतो. रस्त्यापलीकडची पाटी वर आणि खाली सारखी दिसते का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. अनंताची नेमकी परीक्षा तिथे होणार नाही, पण वर आणि खाली जुळतंय की नाही हे कळतं, आणि भावही त्यावरच ठरवावा.

हूड उघडताना

वरची बाजू दोषी ठरली असेल तरच इथे या. बहुतेक याशिकांचं हूड चार बारीक स्क्रूंनी बसवलेलं असतं. जपानी कॅमेऱ्यांच्या चौफुली स्क्रूंना जेआयएस (जपानी मानक) मापाचं टोक लागतं. हार्डवेअरच्या दुकानातलं नेहमीचं फिलिप्स टोक वर उचललं जातं आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. पडदा उचलण्याआधी तर नक्कीच.

पहिला संशयित पडदा. त्याची एक बाजू गुळगुळीत, एक खरबरीत. प्रतिमा खरबरीत बाजूवर उमटते आणि ती बाजू खाली, आरशाकडे हवी. पुसायला काढलेला पडदा उलटा बसवणं हे या दोषाचं मला सर्वात जास्त सापडलेलं कारण. त्याने किती बिघडतं? दीड मिलिमीटरची काच उलटी झाली की प्रतिमेची जागा साधारण एक मिलिमीटरने चुकते. ८० मि.मी.च्या लेन्सवर याचा अर्थ असा, की दोन मीटरवरच्या माणसावर तुम्ही फोकस करता आणि फिल्मवर जवळजवळ पावणेतीन मीटरवरची भिंत धारदार येते. शिवाय दूरचं पडद्यावर कधीच स्पष्ट होत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या लक्षणाची जोडी दिसली की मी थेट पडद्यावर जातो. बारीक वर्तुळांची वेगळी फ्रेनेल चकती असेल तर तिची दिशा आणि क्रमही तसाच राखा.

पडदा उजळ हवा म्हणून कोणी दुसऱ्या कॅमेऱ्याचा, मामिया आरबी६७ वगैरेचा, कापून बसवला असेल तर त्याची जाडी वेगळी असणार. त्यात गैर काही नाही, पण मग वरची लेन्स नव्याने जुळवावी लागते, आणि ते करायचं राहून गेलेलं असतं.

दुसरा संशयित आरसा. हा पुढच्या पृष्ठावर चांदी चढवलेला असतो, घरातल्या आरशासारखा मागून नव्हे. टूथपिकचं टोक त्याला अलगद टेकवा. टोक आणि प्रतिबिंब भिडले तर आरसा बरोबर. मध्ये फट दिसली तर कोणीतरी साधा आरसा कापून चिकटवला आहे. साध्या आरशाने दुहेरी प्रतिमा येते, आणि परावर्तन होणारा थर मागे गेल्यामुळे फोकसही सरकतो. हा थर एक मिलिमीटर हलला तर प्रतिमेत साधारण १.४ मिलिमीटरचा फरक पडतो. पुढून चांदी चढवलेला, मूळच्याच जाडीचा आरसा कापून मिळतो, तोच घ्या. तो बसवताना त्याच्या खाचेत जुन्या गोंदाचे कपचे राहू देऊ नका.

आरशावर डाग असतील, चांदी उडाली असेल, तर असू दे. तो फोटोत येत नाही. फुंकणीने धूळ उडवा आणि हात आवरा. काच पुसायच्या घरगुती स्प्रेने हा थर कापसाबरोबर निघून येतो.

वरची लेन्स जुळवणं

पडदा सुलट, आरसा बरोबर, दोन्ही आपापल्या जागी घट्ट, आणि तरीही खाली लख्ख-वर धूसर असेल, तरच हे करा. वरची लेन्स पाटीत आट्यांवर बसते आणि बाजूच्या बारीक स्क्रूंनी अडकवलेली असते. त्यांच्यापर्यंत पोचायला पुढचं चामडं सोडवून पुढची पाटी काढावी लागते. चामडं केस वाळवायच्या यंत्राने कोमट करून, सपाट पात्याने एका कोपऱ्यापासून उचला. फाटलं तर नवं मिळतं, पण घाई नको.

खालची काच रुळांवर, नॉब अशा जागी की खाली दूरचा दिवा लख्ख दिसतो. आता नॉबला हात लावायचा नाही. वरची लेन्स थोडी थोडी फिरवत वरचा पडदा त्याच दिव्याशी जुळवा. हात काढून पुन्हा बघा, स्क्रू आवळा, पुन्हा बघा. आवळताना लेन्स फिरते. मग मोजपट्टीची चाचणी. जुळलं की आट्यांवर नेलपॉलिशचा एक ठिपका, म्हणजे पुढच्याला कळेल की इथे कोणी येऊन गेलंय.

वरची खालच्याशी जुळवायची. उलट कधीही नाही. फिल्म खालच्या लेन्सची, आणि कारखान्याने तिची जागा ठरवून दिली आहे. पडद्याशी जुळावी म्हणून खालची लेन्स अर्धा फेरा सैल करून ठेवलेला एक कॅमेरा माझ्याकडे आला होता. अनंतावर जुळत होता, पण कडा गेल्या होत्या, कारण पुढच्या आणि मागच्या काचांतलं अंतर बदललं की लेन्स ती लेन्स राहत नाही.

लुबिटेलचं वेगळं आहे. तिथे दोन्ही लेन्सच्या पुढच्या काचा दातेरी चकत्यांनी एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि फिरवूनच फोकस होतो. कोणी त्या सोडवून दोन-चार दाते चुकवून बसवल्या की जुळणी जाते. उपाय तोच : खालच्या काचेवर अनंत पक्कं करा, वरची वेगळी सोडवून पडद्यावर अनंत जुळवा, मग दाते गुंतवा.

इथे थांबा

पाटी वाकडी असेल तर थांबा. रोलायफ्लेक्सच्या पाटीखाली मायक्रॉनच्या हिशेबात पातळ चकत्या घातलेल्या असतात. त्या एकदा विस्कटल्या की घरच्या साधनांनी परत लागत नाहीत. डिंक सुटलेला असेल, उलटी काच असल्याचा संशय असेल आणि तुमच्याकडे लेन्सच्या कड्या सोडवायचा स्पॅनर नसेल, तर थांबा. कैचीच्या टोकांनी कडी फिरवायला गेलं की टोक घसरतं आणि काचेवर कायमची रेघ पडते. फोकसचा नॉब जड असेल तर त्यात तेल सोडू नका. ते वाहत शटरच्या पात्यांवर जातं आणि मग मंद वेग अडकतात, तो वेगळाच खर्च.

आणि कॅमेरा मूळचाच स्वस्तातला असेल, दुरुस्तीचा आकडा त्याच्या किमतीच्या वर जात असेल, तर मी तरी दुरुस्ती करत नाही. एफ ८ वर वापरतो. उन्हात फिरायला तेवढं पुरतं.

दुरुस्तीला देताना नुसतं "फोकस बघा" म्हणू नका. त्याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी "आरसा पुसा" एवढाच घेतला जातो. कागदावर लिहून द्या : अनंतावर फिल्मच्या जागी लख्ख आहे, पडद्यावर नाही, पडदा आणि आरसा तपासला, खालच्या लेन्सला हात लावू नका. किंवा तुमचं जे निघालं असेल ते. निगेटिव्हची एक पट्टी सोबत द्या. परत घेताना काचेचा तुकडा न्या आणि दुकानाच्या दारात उभं राहून रस्त्याच्या टोकाकडे एकदा वरून बघा, एकदा मागून बघा. दोन्ही जुळल्यावर मगच पैसे द्या.